मुक्काम ते मुक्काम : लाव्ह्याच्या डोंगरातली चार दिवसांची चाल

आजचा भाग चालण्याबद्दल आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या ट्रेकबद्दल मी बोलणार नाही. पाठीवर सामान घेऊन, रोज संध्याकाळी नव्या मुक्कामाला पोहोचत, तीन-चार दिवस सलग डोंगरातून चालत जायचं, त्याबद्दल बोलणार आहे. आणि तेही आपल्या सह्याद्रीत.

मी राहतो दिल्लीजवळ, नोएडात. इथल्या मराठी मंडळींना डोंगराचं वेड आहे. शुक्रवारी रात्री बसमध्ये बसलं की शनिवारी सकाळी उत्तराखंड. त्यामुळे अनेक दिवसांचा ट्रेक म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हिमालय येतो. सह्याद्री म्हणजे सुट्टीत गावाला गेल्यावर एखाद्या रविवारी चढून यायचा डोंगर, अशी एक समजूत आहे. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, त्याची उंची १,६४६ मीटर. हिमालयात कित्येक ट्रेक सुरूच याहून उंचावर होतात. मग यात अवघड ते काय, असं वाटणं स्वाभाविक आहे.

पण उंची हे डोंगराचं एकच माप आहे. तो कशाचा बनला आहे, पाणी कुठे देतो, वाट कुठे सोडतो आणि रात्री आसरा कुठे मिळतो, ही मापं जास्त महत्त्वाची. २०२२ च्या मे महिन्यात दिल्लीहून आलेला एक तरुण लोणावळ्याजवळच्या डोंगरात वाट चुकला. शोधपथकं, गिर्यारोहक, पोलीस सगळे राबले. चार दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला. लोणावळा म्हणजे काही निर्जन प्रदेश नाही. रेल्वे आणि द्रुतगती महामार्ग जवळूनच जातात. म्हणून आज सांगायची गोष्ट एकच आहे. लाव्ह्याच्या डोंगरात माणसाला सुखरूप नेणारी साखळी तीन कड्यांची असते : पाणी, छप्पर आणि पुढच्या मुक्कामाला आपली वाट पाहणारा माणूस. पहिल्या दोन कड्या लोक लक्षात ठेवतात, तिसरी विसरतात.

हा डोंगर लाव्ह्याचा आहे

सुरुवात दगडापासून करू. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या पश्चिम आणि मध्य भारतात जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. ज्वालामुखी म्हटलं की आपण शंकूसारखा डोंगर आणि वर धूर असं चित्र काढतो. इथे तसं झालं नाही. लांबच लांब भेगांमधून लाव्हा वाहत राहिला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा नवा थर आला. असे थरावर थर साचत गेले. झिजून झिजून आज जे उरलं आहे तेच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतं. पश्चिम घाटात या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या पुढे जाते. यालाच आपण दख्खनचं पठार म्हणतो आणि भूशास्त्रात त्याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आला. लांबून पाहिलं तर डोंगर खरोखर जिन्यासारखा दिसतो.

हे ऐकणारे इंदूरचे असतील तर त्यांच्या पायाखालीही हाच लाव्हा आहे. माळव्याचं पठार त्याचंच. बडोद्याजवळचा पावागड याच घडामोडीतला. बेळगाव म्हणजे त्याची दक्षिणेकडची कड. आम्ही दिल्लीकर मात्र त्यातून बाहेर. दिल्लीची रिज ही अरवलीची उत्तरेकडची शेपटी, आणि तिचा दगड क्वार्टझाइट. तो सह्याद्रीच्या दगडापेक्षा कितीतरी जुना, शंभर कोटी वर्षांहून अधिक वयाचा. त्यामुळे असोल्याच्या किंवा मांगरच्या टेकड्यांवर चालून पाय तयार होतात, पण सह्याद्रीच्या दगडाची ओळख तिथे होत नाही.

कडा, पदर आणि नाळ

लाव्ह्याचा प्रत्येक थर सगळीकडे सारखा नसतो. काही भाग घट्ट, एकसंध. त्याला आपण काळा कातळ म्हणतो. काही भागात थिजताना वायूचे बुडबुडे अडकले. तो दगड सच्छिद्र झाला आणि पुढे त्या छिद्रांमध्ये पांढरी, चमकदार खनिजं भरली. असा भाग लवकर झिजतो. परिणाम काय? घट्ट थर उभा कडा होऊन राहतो आणि मऊ थर झिजून त्याखाली उताराची, झाडीची पट्टी तयार होते. तिला डोंगरातली माणसं 'पदर' म्हणतात. फार नेमका शब्द आहे. कडा, त्याखाली पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर.

चालणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा. सह्याद्रीत सरळ वर किंवा सरळ खाली जाता येत नाही. पदरातून आडवं चालायचं आणि कड्यात जिथे फट असेल तिथूनच चढायचं किंवा उतरायचं. ही फट म्हणजे नाळ किंवा घळ. कातळातल्या भेगांवर पावसाचं पाणी वर्षानुवर्षं काम करतं आणि नाळ तयार होते. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या बहुतेक जुन्या वाटा अशा नाळांमधूनच आहेत.

आता वाट चुकण्याचं गणित समजेल. योग्य नाळेचं तोंड सोडून शेजारच्या ओढ्यात उतरलात, तर दोनशे फूट सहज उतराल आणि मग अचानक पायाखाली कडा येईल. वर चढायला घसारा, म्हणजे सुटी माती आणि गोटे, खाली दरी. हिमालयातली दरी बहुधा लांबून दिसते. इथे झाडीमुळे कडा शेवटच्या दहा पावलांवर दिसतो. म्हणून पहिला नियम : वाट हरवली तर खाली उतरायचं नाही. जिथे शेवटची खात्रीची खूण होती तिथे परत जायचं.

कंपास वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं. कंपास कातळावर टेकवून दिशा घेतली तर सुई काही ठिकाणी फसवते. तो हातात धरा, उभं राहून पाहा, थोडं सरकून पुन्हा पाहा. गंमत म्हणजे या लाव्ह्याचा मोठा भाग थिजला तेव्हा पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रच आजच्या उलट होतं. दगडांनी ती दिशा अजून जपून ठेवली आहे.

पाणी : पहिली कडी

घाटमाथ्यावर काही ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. दिल्लीत वर्षभरात जेवढा पडतो त्याच्या सहापट आणि अधिक. तरीही फेब्रुवारी-मार्चनंतर त्याच डोंगरात घोटभर पाण्यासाठी वणवण होते. कारण पुन्हा दगडच. घट्ट कातळ पाणी मुरू देत नाही. उतार एवढा की पाऊस तासाभरात खाली कोकणात. आणि हिमालयासारखं वर साठलेलं बर्फ इथे नाही, जे उन्हाळ्यात वितळून ओढे वाहते ठेवील.

आपल्या पूर्वजांनी या दगडाचाच उपयोग करून घेतला. जो कातळ पाणी मुरू देत नाही तो पाणी धरूनही ठेवतो. म्हणून किल्ल्यांवर, लेण्यांजवळ, जुन्या घाटवाटांवर खडकात खोदलेली टाकी दिसतात. खांब सोडून आत खोदत नेलेल्या टाक्यांवर ऊन पडत नाही, पाणी थंड राहतं आणि कमी उडतं. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एका लाव्ह्यानंतर दुसरा येईपर्यंत मधल्या काळात तयार झालेली ती माती. वरच्या लाव्ह्याने भाजून निघालेली. अशा सांध्यांवर पाणी पाझरताना दिसतं. जुन्या माणसांना हे पाझर बरोबर ठाऊक असतात.

पण एक लक्षात ठेवा. नकाशावर टाकं दाखवलं आहे म्हणजे त्यात पिण्याजोगं पाणी आहे असं नाही. काही टाकी गाळाने भरली आहेत, काहींत शेवाळ आहे. गावात विचारायचं : "दादा, सध्या कुठलं टाकं पिण्याचं आहे?" 'सध्या' हा शब्द महत्त्वाचा. आणि दिवसाला माणशी चार लिटर पाणी, उन्हाचे दिवस असतील तर पाच, असा हिशेब धरायचा. काळा कातळ दुपारी तव्यासारखा तापतो. ती उष्णता खालूनही लागते.

छप्पर : दुसरी कडी

आता मुक्कामाकडे येऊ. जगात लाव्ह्याच्या प्रदेशात मुक्काम ते मुक्काम चालण्याच्या दोन वाटा फार प्रसिद्ध आहेत. त्या पाहिल्या की आपल्याकडे काय आहे आणि काय नाही, ते कळतं.

पहिली आइसलंडमधली लाउगावेगुर. लांबी सुमारे ५५ किलोमीटर, बहुतेक लोक चार दिवस घेतात. गरम पाण्याचे झरे, राखेची काळी मैदानं, पूल नसलेल्या थंडगार नद्या, आणि मधे गाव म्हणून नाही. १९२७ साली स्थापन झालेल्या आइसलंडच्या पर्यटन संघटनेने या वाटेवर ठरावीक अंतरावर निवारे बांधले आहेत. त्यांना हट म्हणतात. साधी लाकडी घरं; फळ्यांवर गाद्या, स्वयंपाकाची जागा. उन्हाळ्यात तिथे राखणदार असतो. जागा महिनोन्‌महिने आधी राखून ठेवावी लागते.

तिथेही जून २००४ च्या अखेरीस एक परदेशी तरुण बर्फाच्या वादळात सापडून दगावला. ह्राफ्नटिन्नुस्केर नावाचा निवारा त्याच्यापासून एक किलोमीटरच्या आत होता. आज त्या जागी त्याच्या स्मरणार्थ दगडांची रास आहे. छप्पर जवळ असणं पुरेसं नसतं, हे ती रास सांगते.

दुसरी वाट न्यूझीलंडमधली, टोंगारिरो. पन्नासेक किलोमीटर, तीन-चार दिवस. निवारे सरकारच्या संवर्धन खात्याचे. हे ज्वालामुखी मात्र जिवंत आहेत. ६ ऑगस्ट २०१२ च्या रात्री तिथे स्फोट झाला आणि उडालेले दगड केतेताही नावाच्या निवाऱ्याचं छप्पर फोडून आत पडले. कोणी दगावलं नाही, पण तिथला रात्रीचा मुक्काम बंद झाला.

आपला ज्वालामुखी थंड होऊन कोट्यवधी वर्षं लोटली. त्याचा धोका नाही. पण आपल्याकडे वाटेवर असे बांधलेले निवारेही नाहीत. मग आपलं छप्पर कोणतं? पूर्वापार उत्तर तीन : गडावरचं देऊळ, डोंगरातली गुहा किंवा लेणं, आणि वाटेवरच्या वाडीतलं घर. राजगडावर पद्मावतीचं देऊळ, तोरण्यावर मेंगाईचं देऊळ, हरिश्चंद्रगडावर गुहा. पिढ्यान्‌पिढ्या ट्रेकर तिथे झोपले आहेत.

यात आता बदल होतो आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यात राजगड आणि रायगड दोन्ही आहेत. संरक्षित गडांवर रात्री राहण्यावर पुरातत्त्व खात्याचे निर्बंध येत गेले आहेत, आणि माझ्या मते ते योग्य आहे. शंभर माणसं एका रात्री चुली पेटवू लागली तर देवळाच्या भिंती काळ्या होतात, टाक्यात खरकटं जातं. म्हणून जायच्या आधी नियम विचारून घ्या, आणि आखणी करताना मुक्काम गावातच धरा. गड दिवसा पाहायचा, रात्र माणसांत काढायची.

राजगड ते रायगड

उदाहरण म्हणून एक वाट घेऊ. राजगड, तोरणा, तिथून घाटमाथ्याच्या कडेने मोहरी, मग कोकणात उतरून रायगड. शिवाजी महाराजांची पहिली राजधानी राजगड आणि १६७४ साली जिथे राज्याभिषेक झाला तो रायगड, या दोन ठिकाणांना जोडणारी ही चाल आहे. तीन-चार दिवसांची. या वाटेवर लाव्ह्याच्या डोंगराचे सगळे प्रकार भेटतात.

पहिला दिवस गुंजवण्यातून राजगड. चोर दरवाजाची वाट चढायला अडीच-तीन तास घेते. वर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, आणि मधे बालेकिल्ला. माची म्हणजे काय, हे इथे उभं राहिलं की समजतं : घट्ट थराच्या माथ्यावर उरलेली लांब सोंड, तिला तटबंदी केली की झाली माची. सुवेळा माचीच्या कातळात आरपार छिद्र आहे, त्याला नेढं म्हणतात. झीज कशी चालते त्याचा तो उत्तम नमुना आहे. संध्याकाळी पायथ्याला परत.

दुसरा दिवस मोठा. पहाटे निघून राजगड चढायचा, संजीवनी माचीकडच्या अळू दरवाज्यातून उतरायचं आणि डोंगराच्या धारेने तोरण्याकडे जायचं. मधल्या खिंडीतून गाडीरस्ता जातो. फौजेच्या भाषेत ही सुटकेची वाट. कोणाचा पाय मुरगळला, कोणाला ऊन लागलं, तर त्याला इथूनच बाहेर काढायचं. पुढे गेल्यावर तशी सोय नाही. शेवटी बुधला माचीवरून तोरण्यात प्रवेश. तोरण्याची उंची १,४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच गिरिदुर्ग. मुक्काम पायथ्याच्या गावात.

तिसरा दिवस गर्दी मागे टाकतो. तोरण्याच्या पश्चिमेकडून भट्टीमार्गे मोहरीकडे. वस्ती विरळ, मोबाईलला रेंज येते-जाते. दुर्गम म्हणजे काय ते इथे कळतं. मोहरीजवळच्या रायलिंग पठाराच्या कडेला गेलात की समोर लिंगाण्याचा सुळका आणि त्याच्यामागे रायगड दिसतो. पठार सपाट, आणि एका रेषेवर संपतं. पुढे दरी. कडेपासून चार हात लांब बसावं; फोटोसाठी तर नक्कीच.

चौथा दिवस उतरणीचा. बोराट्याची नाळ किंवा सिंगापूरची नाळ. बोराट्याची नाळ म्हणजे मोठमोठ्या दगडांनी भरलेली घळ. एक-एक दगड पारखून पाय टाकायचा. वरच्या माणसाच्या पायाने सुटलेला गोटा खालच्याच्या डोक्यावर येतो, म्हणून अंतर ठेवून किंवा अगदी जवळजवळ, पण एका रेषेत नाही. नवख्यांनी सिंगापूरची नाळ धरावी. दोन्हींसाठी गावातला वाटाड्या घ्यावा. खाली पाने गाव, आणि तिथून रायगडाचा पायथा. पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. तिथे डोकं टेकवून चाल संपवावी.

रूट कार्ड कसं करायचं

फौजेत गस्तीवर जाताना रूट कार्ड करतात. एक साधा तक्ता. तो तुम्हीही वहीच्या पानावर करू शकता. दिवसाची वाट तुकड्यांत तोडायची. प्रत्येक तुकड्यासाठी सहा रकाने : कुठून कुठे, अंतर, चढ-उतार, लागणारा वेळ, पाणी, आणि अडचण आली तर बाहेर पडायची जागा.

वेळ कसा काढायचा? १८९२ साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक नियम दिला. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्तीचा. समजा एका दिवसात १२ किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ आहे. नियमाने हिशेब होतो सुमारे साडेतीन तास. पण राजगड-तोरणा या टप्प्याला बहुतेक गट सात-आठ तास घेतात. कारण घसारा, ऊन, पाठीवरचं ओझं, आणि उतरताना लागणारी सावधगिरी. म्हणून सह्याद्रीसाठी माझा हिशेब सरळ आहे : नेस्मिथचा वेळ काढा आणि दुप्पट करा. त्यात विश्रांती आणि जेवणाचा एक तास मिळवा. जो आकडा येईल तो सकाळी निघण्याच्या वेळेत घाला. मुक्कामाला पोहोचण्याची वेळ दुपारी चारनंतर येत असेल, तर त्या दिवसाचा पल्ला कमी करा. डिसेंबरात पुण्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि नाळेत त्याच्या कितीतरी आधी अंधारतं.

या तक्त्याची एक प्रत घरी ठेवायची. एक पुढच्या मुक्कामाला फोनवरून वाचून दाखवायची. इथे आपण तिसऱ्या कडीवर येतो.

वाट पाहणारा माणूस : तिसरी कडी

एका चौकीवरून दुसऱ्या चौकीकडे तुकडी निघाली की पुढच्या चौकीला कळवतात : इतकी माणसं, या वेळी निघाली, या वेळेपर्यंत पोहोचतील. पोहोचल्यावर मागे निरोप जातो. निरोप आला नाही तर कोणी हुकमाची वाट पाहत बसत नाही; शोध सुरू होतो. या एका पद्धतीने किती जीव वाचले असतील त्याची मोजदाद नाही.

आइसलंडमध्येही तेच तत्त्व आहे. तिथे बचावपथकाच्या यंत्रणेकडे आपल्या प्रवासाचा आराखडा आधी नोंदवून ठेवता येतो. कोणीतरी तुम्हाला मोजत असतं, एवढाच त्याचा अर्थ.

सह्याद्रीत हे काम कोण करणार? वाडीतलं घर. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण मोहरीच्या बाजूला चाललो होतो. सगळे साठीच्या आसपासचे. मी आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी फोन करून सांगितलं होतं, पाच जण आहोत, पाचपर्यंत पोहोचू. दुपारी एकाचा गुडघा सुजला. त्याचं सामान वाटून घेतलं आणि त्याच्या चालीने चालू लागलो. सहा वाजले, अंधार पडला, रेंज नाही. वाट पायाखाली होती, पण वेग बैलगाडीचा. साधारण पावणेसातला समोरच्या धारेवर बॅटरीचा उजेड हलताना दिसला. घरमालक आणि त्यांचा पुतण्या आम्हाला शोधत निघाले होते.

मी म्हटलं, "मामा, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

ते म्हणाले, "पाचला येतो म्हनला होता नव्हं? भाकरी थापून झाली, तरी पाव्हनं दिसंनात. मग म्हनलं, बघून यावं."

पुतण्याने दुखऱ्या गड्याला आधार दिला आणि अर्ध्या तासात आम्ही चुलीपाशी होतो. त्या दिवशी काही अघटित घडलं नाही. पण समजा गुडघ्याऐवजी पाय मोडला असता, तर? आमच्याकडे पाणी अर्धा-अर्धा लिटर उरलं होतं. पाच माणसांची ती रात्र कशी गेली असती, हे त्या एका फोनने ठरवलं.

म्हणून फोन करताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा : किती जण, कोणत्या वाटेने, आणि किती वाजेपर्यंत नाही आलो तर काळजी करायची. पोहोचलात की घरी आणि मागच्या मुक्कामाला निरोप द्या. बेत बदलला तर तेही कळवा; नाहीतर ती माणसं अंधारात तुम्हाला शोधत हिंडतील आणि तुम्ही पुण्यातल्या हॉटेलात जेवत असाल. आणि खरोखर अडचण आली, तर महाराष्ट्रात गिर्यारोहकांनी उभारलेलं बचावकार्याचं जाळं आहे : महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर. निघण्यापूर्वी त्यांचा क्रमांक शोधून कागदावर लिहून ठेवा. मोबाईलची बॅटरी संपते, कागदाची नाही.

ही कडी आपोआप टिकणार नाही. या वाड्यांतली तरुण मुलं पुण्या-मुंबईला जातात. मागे राहतात म्हातारी माणसं. मुक्कामाच्या घरातून चार पैसे मिळाले तर एखादा मुलगा गावात राहतो, वाटाड्या होतो, वाट मोडू देत नाही. म्हणून मुक्कामाचे पैसे ठरवून, वेळेवर आणि घासाघीस न करता द्या. "आम्ही महाराजांच्या गडावर आलो आहोत" म्हणून फुकट जेवायचं नसतं. पिठलं-भाकरी-ठेचा तुम्हाला साधा वाटेल. पण त्याचं पाणी कोणीतरी डोक्यावरून आणलेलं असतं. अंघोळीला बादली मागण्याआधी विहीर किती लांब आहे ते पाहून या. आपला प्लास्टिकचा कचरा आपल्या पिशवीत परत न्या. आपण पाहुणे आहोत आणि ते घर हा आपला निवारा आहे. आइसलंडमध्ये निवारा बांधायला एक संघटना लागली. आपल्याकडे तो आधीच उभा आहे, फक्त दार उघडं राहायला हवं.

दिल्लीकरांची तयारी

शेवटी थोडं व्यवहाराचं. उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. याच दिवसांत आमच्या एनसीआरची हवा श्वास घेण्याजोगी राहत नाही, तेव्हा निमित्तही चांगलं आहे. निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेस पुण्याला नेते. पावसाळ्यात ही लांब चाल करू नये : धुक्यात नाळेचं तोंड सापडत नाही आणि ओढा क्षणात फुगतो. एप्रिल-मेमध्ये पाणी नाही, म्हणून तेव्हाही नाही.

सपाट शहरात चढाची तयारी जिन्यावर होते. आमच्या सोसायट्या वीस-वीस मजल्यांच्या आहेत, त्यांचा हा एक उपयोग. सहा आठवडे, आठवड्यातून चार दिवस, पाठीवर सहा-सात किलो वजन घेऊन जिना चढा. आणि तेवढाच उतरा. लिफ्टने खाली येऊ नका. सह्याद्रीत गुडघे उतरताना जातात. चाळिशीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांना दाखवून घ्यावं. बूट चांगल्या पकडीचे, आधी निदान महिनाभर वापरलेले. डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकाकडे स्वतंत्र. गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळ असतं. अत्तर, स्प्रे, धूर आणि आरडाओरडा टाळा. कोणी कितीही तरबेज असला तरी एकट्याने जाऊ नये. चार-पाच जणांचा गट बरा : एक जखमी झाला तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघे मदत आणायला जाऊ शकतात.

निघण्याच्या आदल्या रात्री सामानाची यादी तपासालच. तिच्या वर एक ओळ लिहा : आज रात्री पाणी कुठे, छप्पर कुठे, आणि आपण पोहोचलो नाही तर ते कोणाला कळेल? या तिन्हींपुढे प्रत्येक दिवसासाठी नाव लिहिता आलं तर खुशाल निघा. एक जागा जरी रिकामी राहिली तरी फोन उचला आणि आधी ती भरा.

पुढच्या भागात नकाशा वाचायला शिकू : समोच्च रेषांवरून कडा कोणता आणि पदर कोणता हे घरी बसून कसं ओळखायचं ते. तोपर्यंत जिने चढत राहा. नमस्कार.